११० वर्षांचा एल्फ खेळायचाय, पण त्याचं बालपण आणि संगोपन नेमकं कसं लिहू?

तुम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून भूमिका वठवायच्या खेळात पहिल्यांदाच एल्फ (माणसासारखी पण दीर्घायुषी अशी काल्पनिक जमात) खेळणार आहात, कॅरेक्टर शीटवर वय ११० लिहिलंय, आणि डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) "याचं लहानपण कसं गेलं?" असं विचारल्यावर अडलात. त्यात पार्टीतल्या, म्हणजे सोबत खेळणाऱ्या टोळीतल्या, एकाने "तीस वर्षं रांगत होता का?" म्हणून टिंगल केली. शिवाय सगळ्यांनाच पडणारा प्रश्न तुम्हालाही पडलाय: शंभर पावसाळे पाहिलेला हा माणूस (बरं, एल्फ) अजून पहिल्याच लेव्हलला, म्हणजे सगळ्यांत खालच्या पायरीवर, कसा?

आधी माझी फजिती सांगतो. माझ्या पहिल्या एल्फाची बॅकस्टोरी मी अकरा पानं लिहिली होती, दशकवार. विसाव्या वर्षी धनुष्य, चाळिसाव्या वर्षी तारे, साठाव्या वर्षी बासरी, असं सगळं. डीएमने ती वाचली की नाही देव जाणे. दुसऱ्या सेशनला कोबोल्ड नावाच्या बारक्या राक्षसांनी खणलेल्या खड्ड्यात पडून हा १२६ वर्षांचा विद्वान मेला. बासरी कामी आली नाही. पुढे मी टेबलाच्या पलीकडे जाऊन डीएम म्हणून बसायला लागलो, आणि इतरांचे बरेच एल्फ बघून माझं मत असं झालं की ती शंभर वर्षं भरून काढायच्या नादी लागूच नये. त्या संगोपनात काय नव्हतं, ते शोधावं. कॅरेक्टर तिथून उभं राहतं.

आता रांगण्याचा मुद्दा. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत याचं सरळ उत्तर आहे. एल्फाचं शरीर माणसाच्याच वेगाने वाढतं. साधारण विशीत तो अंगापिंडाने पूर्ण वाढलेला असतो. मात्र एल्फ समाज त्याला प्रौढ म्हणतो ते शंभरीच्या आसपास, आणि आयुष्य असतं ७५० वर्षांपर्यंत. पाथफाइंडर या अशाच आणखी एका खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतही हीच मांडणी आहे: शरीर विसाव्या वर्षी तयार, मनाने पूर्ण पिकलेला समजतात शंभरीच्या सुमाराला, आयुष्य सहाशेच्या घरात. तेव्हा तुमच्या मित्राला सांगा, रांगणं वर्षभरात आटोपलं होतं.

तरी त्याची टिंगल अगदीच हवेतली नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या आवृत्त्यांतले आकडे खरोखर विनोदी आहेत. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत एल्फ ११० व्या वर्षी प्रौढ होतो आणि त्यावर वर्गानुसार (योद्धा, पुरोहित, विझार्ड म्हणजे जादूगार, असा पात्राचा पेशा) फासे टाकून प्रशिक्षणाची वर्षं मिळवायची. विझार्ड व्हायचं तर सहा बाजूंचे दहा फासे, म्हणजे सरासरी ३५ वर्षं. माणसाला त्याच कामासाठी दोन फासे, सरासरी सात वर्षं. आणि गंमत अशी की त्याच पुस्तकात विझार्ड हा एल्फांचा आवडता वर्ग म्हणून दिलेला! ज्या कलेसाठी ही जमात प्रसिद्ध, ती शिकायला तिला माणसाच्या पाचपट वेळ. १९७९ च्या डीएम मार्गदर्शकात तर एल्फ पुरोहिताचं सुरुवातीचं वय ५०० आणि वर दहा बाजूंचे दहा फासे असं होतं. साडेपाचशेव्या वर्षी पहिलीत.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनच्या टिपणांत आणखी वेगळाच क्रम सापडतो. त्याच्या एल्फांची मुलं वर्षाची व्हायच्या आत बोलतात, चालतात, नाचतातही. पण शरीर मात्र सावकाश वाढतं, पूर्ण वाढ पन्नासाव्या वर्षी, काहींची तर शंभरीत. मन पुढे, शरीर मागे. २०१४ च्या नियमांत नेमकं उलट झालं: शरीर पुढे, समाजाची मान्यता मागे. तुमच्या डीएमला यातलं कोणतं चालतं ते आधी विचारून घ्या, कारण दोन्हींतून घडणारी मुलं अगदी निराळी असतात.

मी २०१४ ची मांडणी धरून पुढे बोलतो, कारण तिच्यात एक मोठी मजेदार फट आहे. वीस ते शंभर. ऐंशी वर्षं तुम्ही आरशात प्रौढ आहात आणि घरात पोर. उंची झाली, ताकद आली, तलवार पेलते, प्रेमातही पडून झालं. पण मंडळी मोठ्या विषयावर बोलायला बसली की तुम्हाला हळूच उठवतात. माणसाच्या मुलाला हे दोन-तीन वर्षं सोसावं लागतं आणि तेवढ्यात तो घर डोक्यावर घेतो. इथे ऐंशी वर्षं. माझ्या मते बहुतेक तरुण एल्फ घर सोडतात ते जगाच्या ओढीने नाही, याच कारणाने.

या फटीला नियमांनी एक सुंदर खुंटी दिलीय: नाव. एल्फ मुलाला जन्मानंतर मिळतं ते बालनाव. प्रौढ झाल्याचं जाहीर करताना तो स्वतःच स्वतःचं नवं नाव ठरवतो, आणि प्रत्येक नाव एकमेव असतं. पण लहानपणापासून ओळखणारे लोक जुनंच नाव वापरत राहू शकतात. आमच्या टेबलावर एकीने ९६ वर्षांची एल्फ घेतली होती. ती परक्या शहरात चार वर्षं आधीच प्रौढ नाव लावून फिरत होती, थोडक्यात वय चोरून. तिसऱ्या सेशनला एका दरबारात तिचा चुलता मुत्सद्दी म्हणून हजर झाला आणि भर सभेत त्याने तिला "राएल" म्हणून बालनावाने हाक मारली. मी त्या प्रसंगासाठी काहीच तयारी केली नव्हती, एवढी एक हाक होती. पुढचा पाऊण तास टेबलावर कोणीही फासा उचलला नाही.

दुसरी गोष्ट, जी बहुतेक खेळाडू नुसती सोय म्हणून वापरतात: ट्रान्स. एल्फ झोपत नाही, चार तास अर्धवट जाग्या ध्यानात बसतो. खेळाडूंना वाटतं, छान, रात्रीच्या पहाऱ्याला फुकटचा माणूस मिळाला. पण जरा हिशोब करा. आठ तास झोपणाऱ्या माणसापेक्षा रोज चार तास जास्त, वर्षाला १,४६० तास, शंभर वर्षांत जवळजवळ १७ वर्षं निव्वळ जास्तीचं जागेपण. (यामुळे पहिल्या लेव्हलचा प्रश्न आणखीच अवघड होतो, मान्य. त्याकडे येतो.) आणि ज्या घरात रात्र नावाची सक्तीची सुट्टीच नाही, तिथलं मूल कसं वाढत असेल? "झोप आता" असं त्याला कोणी कधीच म्हटलेलं नाही. अंधाराची भीती नाही, कारण अंधारातही दिसतं. गोष्ट अर्धी टाकून झोपी जाणं हा अनुभवच नाही, त्यामुळे गोष्टी लांबत जातात. अशा पोराला माणसांच्या पार्टीत पहिल्यांदा सगळे एकाच वेळी बेशुद्ध पडलेले दिसतात, तेव्हा त्याला काय वाटत असेल, हा सीन एकदा खेळून बघाच.

२०१८ मध्ये आलेल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या एका पुस्तकात, ज्यात एल्फांवर मोठं प्रकरण आहे, या ट्रान्सला संगोपनाशी जोडलंय आणि ते मला फार आवडतं. लहान एल्फाला ट्रान्समध्ये आपल्या आत्म्याच्या आदिम आयुष्याच्या आठवणी दिसतात, या जन्माआधीच्या, देवलोकातल्या. मग एके दिवशी पहिल्यांदाच त्याला या जन्मातली, जागेपणी घडलेली आठवण दिसते. त्याला पहिलं प्रतिबिंब म्हणू या. तिथून बालपण सरायला लागतं. पुढे त्या जुन्या आठवणी विरळ होत जातात आणि शंभरीच्या आसपास पूर्ण थांबतात, पडदा ओढल्यासारख्या. म्हणजे यांच्याकडे मोठं होणं म्हणजे काहीतरी मिळवणं नसून एक जग गमावणं आहे. तुमचा एल्फ ११० चा. पडदा पडून फार वर्षं झालेली नाहीत. त्याला अजून चुकल्याचुकल्यासारखं होत असेल की सुटल्यासारखं?

मी हल्ली लाँग रेस्टच्या (खेळातल्या मोठ्या विश्रांतीच्या) वेळी एल्फ खेळणाऱ्याला एकच विचारतो: आज कुठल्या आठवणीत जाऊन बसलास? एका वाक्यात उत्तर. आठ-दहा सेशनमध्ये अख्खं बालपण आपोआप तयार होतं, आणि तेही गोष्टीला हवं तसं. अकरा पानांपेक्षा हे कितीतरी स्वस्त.

आता माझा मुख्य मुद्दा. एल्फांत मुलं कमी जन्मतात, हे बहुतेक सगळ्या खेळविश्वांत गृहीत असतं. मोठं आयुष्य, थोडे जन्म. खेळाडू हे वाचतात आणि "म्हणजे मुलांचे खूप लाड होत असणार" एवढ्यावर थांबतात. लाड होतच असतील. पण दोनशे जणांच्या वस्तीत मुलं तीन, आणि त्यातही एक पाच वर्षांचं, एक चाळीसचं, एक सत्तरीचं, असं असेल तर? भाऊ असला तर तो १४० वर्षांनी मोठा. सगळे शिक्षक, सगळे आजोबा-आजी, सगळे सहनशील. बरोबरीचा कोणीच नाही. भांडायला कोणी नाही, खेळात हरवायला कोणी नाही, चोरून काही करताना सोबतीला कोणी नाही. मोठी माणसं मुद्दाम हरतात हे या मुलाला दहाव्या वर्षीच कळलेलं असतं.

मग हा एल्फ पहिल्या सेशनला एका खानावळीत चार अनोळखी लोकांना भेटतो. एक बढाईखोर, एक चोर, एक बुटका आणि रागीट, एक सतत देवाचं नाव घेणारा. आणि हे लोक त्याच्याशी बरोबरीने भांडतात! पार्टी ही त्याच्या आयुष्यातली पहिली मित्रमंडळी आहे. शंभर वर्षं उशिरा मिळालेली. "इतका जुना, सुसंस्कृत जीव या टोळक्याबरोबर का फिरतोय?" या नेहमीच्या प्रश्नाचं मला सापडलेलं सर्वांत खरं उत्तर हेच आहे. शिवाय यामुळे एल्फ खेळण्यातला तो कंटाळवाणा शहाणपणा, वरून खाली बघणं, सगळं गळून पडतं. त्याला व्याकरण येतं, थट्टा येत नाही. माफी मागायची पद्धत पाठ आहे, पण आजवर खरी गरज पडलेली नाही. वाटून घ्यायची सवय नाही, कारण वाटेकरीच नव्हता. हे खेळायला फार मजा येते.

आणि इथेच लेव्हलचं उत्तर आहे. लेव्हल म्हणजे ज्ञान नव्हे, जिवावर बेतलेल्या प्रसंगांतून पार पडण्याची सवय. एल्फाच्या संगोपनात तेच मुद्दाम टाळलेलं असतं, कारण मूल गमावणं परवडत नाही. त्याला शंभर वर्षं शिकवलं, पण मुदत कधीच दिली नाही. माणसाचा शिकाऊ मुलगा धनुष्य शिकतो कारण हिवाळ्याआधी शिकार साधायची असते. एल्फ दहा वर्षं लाकूड ओळखायला शिकतो, दहा दोरी वळायला, आणि खरा जिवंत शत्रू समोर आला की त्याचा हात थरथरतोच, दोघांचाही सारखाच. पाथफाइंडरवाल्यांनी यावर एक हुशार फीट (पात्राला घेता येणारी खास क्षमता) काढलीय: शंभरी ओलांडलेला एल्फ रोज सकाळी तयारी करताना आपल्या आयुष्यातलं काहीतरी आठवतो आणि त्या दिवसापुरतं कुठल्याही एका कौशल्यात प्रशिक्षित होतो. "हो, सत्तर वर्षांपूर्वी मी थोडं नौकानयन केलं होतं" हे वाक्य नियमात बसवलंय. तुमची सिस्टीम वेगळी असेल तरी हे वाक्य उचला.

एक गोष्ट नक्की ठरवा: तुमच्या एल्फात रक्ताचं काय आणि शिकवणुकीचं काय. २०१४ च्या नियमांत हाय एल्फ आणि वुड एल्फ या दोन्ही पोटजातींना तलवारी आणि धनुष्यं जन्मतःच चालवता यायची, अंधारात दिसणं आणि ट्रान्स यांच्याच रांगेत. मला ते नेहमी खटकायचं. धनुष्य काय आईच्या पोटातून घेऊन आला? २०२४ च्या आवृत्तीत हे शस्त्रप्रशिक्षण काढून टाकलं, आणि क्षमतांचे वाढीव गुणही वंशाऐवजी बॅकग्राउंडला, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याला, जोडले. अंधारातली नजर, ट्रान्स, मोहिनीला विरोध या शरीराच्या गोष्टी वंशाकडे राहिल्या. उरलेलं कोणी वाढवलं त्यावर. बऱ्याच जणांनी यावर कुरकुर केली. मला तरी हा बदल योग्य वाटतो, कारण आता संगोपनाचा प्रश्न डावलताच येत नाही.

कोणी वाढवलं याने किती फरक पडतो, ते वेगवेगळ्या खेळविश्वांत बघा. २००४ च्या एबेरॉनमध्ये एकाच जमातीच्या दोन शाखा आहेत. एरेनालमध्ये थोर पूर्वज मरणानंतरही मृत्युंजय होऊन सल्ला द्यायला बसलेले असतात. तिथल्या मुलाला पणज्याच्या पणज्याला खरोखर जाऊन विचारता येतं, आणि अर्थात त्याच्या मताबाहेर जाता येत नाही. दुसरी शाखा टैर्नाडाल, घोडेस्वार योद्ध्यांची. तिथे तरुणाला गतकाळचा एक वीर पूर्वज नेमून दिला जातो आणि त्याने उरलेलं आयुष्य त्या वीरासारखं जगायचं असतं, म्हणजे त्या वीराचा आत्मा टिकून राहतो. विचार करा, तुम्हाला भटकं, विनोदी आयुष्य हवंय आणि वाट्याला आला एक निर्दय सेनापती. एवढ्यावर अख्खं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) चालतं, मी चालवलंय.

व्हिडिओ गेमच्या बाजूला ड्रॅगन एजमधले एल्फ मला सर्वांत जवळचे, कारण तिथे दीर्घायुष्याची शेखीच नाही. अमरत्वाच्या फक्त कहाण्या उरल्यात. २००९ च्या पहिल्या गेममध्ये शहरी एल्फ भिंतीआडच्या वस्तीत, माणसांच्या टाचेखाली वाढतात आणि मधोमध एक मोठं झाड जपतात. रानातले डेलिश एल्फ वयात आल्यावर चेहऱ्यावर देवतेच्या नावाचं गोंदण काढून घेतात, आणि हरवलेल्या संस्कृतीचे तुकडे मुलांना घोकायला लावतात. त्यातले किती खरे? त्या गोंदणाबद्दल २०१४ च्या गेममध्ये जे कळतं ते इथे फोडत नाही. पण चुकीचा आठवलेला वारसा निष्ठेने पुढच्या पिढीला देणं, याहून खरं संगोपन कुठल्याच फँटसीत मी पाहिलेलं नाही.

एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेममधल्या बॉस्मर एल्फांचं थोडक्यात: आपल्या जंगलातल्या वनस्पतीला इजा करायची नाही असा त्यांचा करार, म्हणून हे वनवासी एल्फ चक्क मांसाहारी. डार्क सन या खेळविश्वात एल्फ म्हणजे वाळवंटात धावणाऱ्या टोळ्या, मागे पडलेल्यासाठी कोणी थांबत नाही. ड्रो, म्हणजे भूगर्भात राहणाऱ्या काळ्या एल्फांच्या, घराण्यांत आया सत्तेवर आणि विश्वास हा दुबळेपणा. यापलीकडे ड्रोंवर मी काही लिहीत नाही, त्यांच्यावर आधीच गरजेपेक्षा जास्त लिहून झालंय.

आणि एल्फांनी वाढवलंच नसेल तर? पाथफाइंडरमध्ये माणसांत वाढलेल्या एल्फांना 'फॉर्लॉर्न' असा शब्दच आहे. एकदा एका खेळाडूने असाच एल्फ आणला: खाणकामगारांच्या घरात वाढलेला, त्या घराच्या चार पिढ्या पाहिलेला. ज्याला त्याने खांद्यावर बसवून फिरवलं होतं, तो आता म्हातारा होऊन त्याला "दादा" म्हणायचा, आणि त्या म्हाताऱ्याची नातवंडं याला नावाने हाक मारायची, कारण त्यांच्या लेखी हा विशीतला पोरगा. या एल्फाला एल्फांची भाषा मोडकीतोडकी येत होती. तलवार येत नव्हती, सुरुंग लावता येत होते. सगळ्यांत आठवणीत राहिला तो त्याचा घाईचा स्वभाव. तो जेवण भराभर उरकायचा, निरोप मोठे घ्यायचा, आणि "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य कोणी उच्चारलं की चिडायचा.

तुमच्यासाठी मी एवढंच करीन. डीएमला दशकवार कहाणी देऊ नका. तीन ओळी द्या: घरी याच्या सर्वांत जवळच्या वयाचं मूल किती वर्षांनी लहान-मोठं होतं, शंभरीआधी याला कुठल्या खोलीतून उठवून बाहेर काढलं जायचं, आणि पडदा पडण्याआधीच्या आठवणींतली कोणती एक अजून धूसर शिल्लक आहे. चौथी गोष्ट स्वतःकडेच ठेवा. ११० म्हणजे त्याचं प्रौढ नाव जेमतेम दहा वर्षांचं आहे, अजून अंगवळणी पडलेलं नसणार. कोणीतरी मागून जुन्या नावाने हाक मारली तर तो नकळत वळून बघेल. ते जुनं नाव काय आहे तेवढं पहिल्या सेशनआधी ठरवा, आणि पार्टीला सांगू नका.